जास्तीचे शब्द

ता. ४ जानेवारी १८९८, ठाणे

कचेरीसमोर नांदरुकीच्या झाडाखाली दिवसभर. अर्ज बरेच. शेजारच्या बाकावरून बापूराव वकील (पुढे बा. व.) नेहमीप्रमाणे : ‘काय तारमास्तर, तुमच्या अर्जात मोस्ट हंबली नाही, लोटस फीट नाही. साहेब उपाशी उठेल!’

म्हटले, साहेबाच्या पायांत बूट असतात, कमळ कुठून आणू?

पोट धरून हसला. त्याचे इंग्रजी म्हणजे रुखवत. बघायला गर्दी, खायला कोणी नाही. माणूस मात्र लाख.

आपल्याला ते जमायचे नाही. तारऑफिसात पाणी भरायला लागलो तेव्हा मिसरूडही नव्हते. खिडकीबाहेर उभा राहून तारेची कटकट कानाने शिकलो, इंग्रजी मागाहून आले. तिथला धर्म एकच : जो शब्द काढला तरी अर्थ हलत नाही, तो काढ. पेन्शनीनंतर अर्ज लिहितो तेही याच धर्माने. कोणी, काय केले, काय हवे. वाक्याला एक गोष्ट. बस.

ता. ७

कोपरहून मचव्याने एक आगरी बाई आली. भागीबाय. नवरा मिठागरात होता, वारला. एकुलता मुलगा पांडू आफ्रिकेत मोंबाशाकडे रेल्वेच्या कामावर गेला आहे. गेल्यापासून निरोप नाही. मुंबईच्या खात्याला विचारायचे, कुठे आहे, कसा आहे.

बाकावर नीट बसायच्या आधीच सुरू. ‘लिवा मास्तर. माजा पोऱ्या ऊन बघला का शिंकतो. डाव्या हाताची करंगली वाकत नाय, फावरा लागला व्हता. झोपेन हसतो. भात खाताना शेवटचा घास ठेवतो, कोनासाठी त्यालाच ठावं.’

म्हटले, भागीबाय, साहेबाला यातले काही नको.

‘मंग त्याला कसा कललं, कंचा पांडू?’

नाव, बापाचे नाव, जिल्हा, वय. पुरे.

लिहिले. शिरस्त्याप्रमाणे मराठीत उलटून वाचून दाखवले. माणूस ‘हो, असेच बोललो’ म्हणेपर्यंत मी निशाणी घेत नाही. तिने मान हलवली. ‘बरोबर हाय. पन यान माजा पोऱ्या नाय दिसत.’

तरी टाक हातात घेतला आणि बायकांची निशाणी, बांगडी, काढली. गोल, मोठी, बिनचूक. एवढी सुबक बांगडी कधी पाहिली नाही.

अर्ज रवाना. चांगला झाला आहे. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही.

ता. १३

नौपाड्यात पुन्हा प्लेगचे उंदीर पडले. आळी निम्मी रिकामी. बा. व. बायकामुलांना डोंबिवलीस शेतातल्या झोपडीत ठेवून आला. तो रोज जाऊन येऊन. मी कुठे जाऊ, आणि कोणाला ठेवून येऊ.

भात करपला. तसाच खाल्ला.

जेवताना बोटे पाटावर चालतात, जुनी खोड. बायको होती तेव्हा तारेतला एकच शब्द शिकली होती, पाणी. मी पाटावर ठोकायचे, ती आतून तांब्यावर तसाच ठोकून जबाब द्यायची आणि पाणी घेऊन यायची. शिकवले नव्हते, ऐकून ऐकून. म्हणायची, ‘तुमच्याशी बोलायचं म्हणजे तारच की. शब्दाशब्दाचा हिशेब.’

आज ठोकले. सवयीने.

पाणी उठून घेतले.

ता. २ फेब्रुवारी

मुंबईचे उत्तर आले. साहेबाचे इंग्रजी स्वच्छ, वाक्याला एक गोष्ट. मजकूर : पांडू धर्मा या नावाचे, ठाणे जिल्ह्यातले, साधारण त्याच वयाचे दोन इसम यादीत आहेत. यादीत गाव लिहीत नाहीत. एक कामावर आहे. एक तापाने इस्पितळात मयत. अर्जदार बाईचा मुलगा कोणत्या खुणांनी ओळखता येईल ते कळवावे.

वाचून मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मसुदा उत्तम आहे.

मग फार वाईट वाटले.

ता. ५

भागीबाय आली. बरोबर सुके बोंबील, पानात बांधलेले. ‘खा. हारकुला झालाव.’ हाडे दिसतात म्हणे.

उत्तर मराठीत वाचून दाखवले. जसे आहे तसे. मऊ करावे असे मनात होते, पण मऊ करणार कशाने? मऊ करणारे शब्द तर आयुष्यभर काढून टाकलेले.

ती नांदरुकीच्या मुळाशी बसली, पदराने पाय पुसत राहिली. पाय कोरडेच होते.

मी म्हटले, भागीबाय, ती करंगळी. लिहून टाकू.

‘कंची करंगली?’

डाव्या हाताची. वाकत नाही म्हणाल्या होतात.

‘मी नाय बोलली. मना काय आठवत नाय.’

माझ्याकडे बघत नव्हती.

बा. व. आपला बाक सोडून आला. हळवा माणूस. ‘बाई, मी लिहितो. असा लिहितो की साहेब ढसाढसा रडेल.’

‘तो रडला मंजे मना कललं, पोऱ्या कंचा त्यो?’

‘छे, कळणार काहीच नाही. पण अर्ज पाहण्यासारखा होईल.’

‘मंग बरा हाय,’ ती म्हणाली. ‘तसाच लिवा.’ आणि माझ्याकडे वळून, हलकेच : ‘रागावू नका, मास्तर. तुमी लय सपस्ट लिवता.’

ता. ६

माझ्या कानात सगळे आहे. शिंक, करंगळी, झोपेतले हसणे, शेवटचा घास. आमच्या धंद्यात एकदा ऐकलेले विसरायची मुभा नसते. तिला न विचारता लिहून पाठवता येईल, महिन्या-दोन महिन्यांत जबाब येईल. खरा.

बसून मसुदा केला. ‘त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही.’ इंग्रजीत हे वाक्य फार चांगले उतरले. जन्मात इतके स्वच्छ वाक्य लिहिले नसेन. पुढे सूर्याकडे पाहून शिंकतो हेही लिहिले. मयताच्या ओळखीला त्याचा उपयोग नाही, जास्तीचा शब्द. खोडायला गेलो आणि ठेवला.

खाली निशाणीची जागा कोरी. तिच्याशिवाय हा कागद जाणार नाही, एवढे ठरवले. बाकी काय ठरवावे ते...

ता. ९

बा. व. चा अर्ज तयार. सबंध पान. त्यात मातृहृदय आहे, अश्रूंचा महासागर आहे, साहेबाच्या दयेचा वटवृक्ष आहे. पांडू कुठेही नाही. ‘कसा काय?’ म्हणाला. म्हटले, बापूराव, आज पहिल्यांदा तुमच्या इंग्रजीचा उपयोग कळला.

थट्टा वाटली त्याला. नव्हती.

ता. १२

ती आली. दोन्ही कागद बाकावर ठेवले. म्हटले, भागीबाय, हा बापूरावांचा. यावर उत्तर येणार नाही, आले तरी त्याला अर्थ नसेल. हा माझा. यावर उत्तर येईल. दोन्ही वाचून दाखवतो, हवा त्यावर निशाणी करा. कोणत्यावरही केलीत तरी मी रागावणार नाही.

बा. व. चा आधी वाचला. ऐकताना डोळे मिटून होती, कीर्तनात बसल्यासारखी. ‘ग्वार हाय,’ म्हणाली. म्हणजे गोड.

माझा वाचला. करंगळीशी आलो तेव्हा तिने स्वतःची डावी करंगळी उजव्या मुठीत धरली. शिंकेशी आलो तेव्हा हसू फुटले. ‘आता दिसला,’ म्हणाली. ‘तुमी बी वस्ताद हाव.’

मग मध्येच : ‘तुमची बाय कशी व्हती?’

म्हटले, गोरी. मध्यम उंचीची. पाच वर्षांमागे वारली.

‘ह्यान कंची बाय दिसतंय, मास्तर?’

पाटाचे आणि तांब्याचे सांगितले. बाकावर बोटाने ठोकून दाखवले. तिने पुन्हा ठोकायला लावले, कान देऊन ऐकले. बा. व. तिकडे तोंड करून पान लावत बसला, चुना सांडेपर्यंत.

‘तुमाला कललेला तरी हाय,’ ती म्हणाली. ‘ती गेली त्यो.’

होय, म्हटले.

‘कललेला बरा, का नाय कललेला?’

खोटा जबाब द्यायची इच्छा झाली. म्हटले, तांब्या अजून तिथेच ठेवतो.

तिने माझा कागद पुढे ओढला. टाक घेतला. बांगडी काढायला सुरुवात केली, वरून खाली, सावकाश. निम्म्यावर आली आणि थांबली. शाई टोकाशी फुगली. तिने टाक उचलून माझ्या हातात दिला.

‘बाकीची मंग कारीन. मचवा सुटंल.’

आणि बंदराच्या दिशेने चालू लागली. बा. व. ने विचारले, ‘ही कसली निशाणी?’ म्हटले, अर्धी.

ता. १३

अर्धी बांगडी म्हणजे निशाणी नव्हे, कोणत्याही कचेरीत चालणार नाही. टाकाचा एक फेर आणि पुरी होईल. तिची नक्कल मला सहज येते, बघून ठेवली आहे.

कागद फडताळात ठेवला. टाक धुऊन दुसऱ्या खणात.

बोंबील भाजले. बरे झाले.

ता. १७

सकाळी नांदरुकीपाशी न जाता आधी बंदरावर गेलो. कोपरचा मचवा भरतीबरोबर येतो. भरती अजून व्हायची होती, खाडीत चिखल उघडा. एका खलाशाला विचारले, भागीबाय आहे का आज? म्हणाला, ‘कंची भागीबाय, मास्तर? दोघी हान.’

म्हटले, बोलताना पदराने कोरडे पाय पुसते ती.

‘आं, ती! येल की. पानी चरू द्या.’

बसलो आहे.