उपवासाला चालणारं पीठ

बाई, परवा कपाट आवरताना तुमच्या अहवालाची ती प्रत हाती लागली. टायपिंगला देण्याआधी मी केलेली, निळ्या शाईतली. टायपिंग झाल्यावर "अक्षर छान आहे तुझं, आठवण म्हणून ठेव" असं म्हणून तुम्हीच मला ती परत दिली होती. तेवीस-चोवीस वर्षं ती साड्यांच्या खाली पडून होती. तुम्हाला जाऊनच आता सोळा वर्षं होतील. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा मी भांडले नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी भंडाऱ्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि गृहअर्थशास्त्र घेतलं म्हणून वसतिगृहातल्या मुली मला चिडवायच्या, पोळ्या लाटायला कॉलेजात कशाला यायचं म्हणून. मलाही तसंच वाटायचं, तुमचा पहिला तास होईपर्यंत. घरातली बाई दिवसातून किती वेळा वाकते, किती पाणी उचलते, किती वेळ धुरात बसते, हे कुणी कधी मोजलंय का, असं तुम्ही विचारलंत आणि माझ्या डोळ्यांपुढे माझ्या मायची पाठ आली. पहिल्याच प्रात्यक्षिकाच्या वहीत मी लिहिलं होतं, "माझी आई फार कष्ट करते." तुम्ही भर वर्गात त्याखाली लाल रेघ ओढलीत. "फार म्हणजे किती? पाहिलं ते लिहायचं. वाटलं ते लिहायचं नाही." मी खाली मान घालून बसले, रडले नाही एवढंच. पण ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं आणि पुढे मोहाडीच्या शाळेत शिकवायला लागल्यावर माझ्या मुलींना तेच ऐकवत आले. कुणाचं वाक्य आहे ते मात्र कधी सांगितलं नाही.

मग तुम्ही शिंगाड्याचा विषय घेतलात. तलावावर जगणाऱ्या घरांतल्या बायका शिंगाड्याचं पीठ कसं करतात, त्यात किती वेळ जातो, हातापायांचे काय हाल होतात, आणि थोडी मदत मिळाली तर त्यातून घरचा धंदा उभा राहील का, असा तो अभ्यास होता. "तुझ्या घरी चालेल का?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. करडीच्या पुढच्या आमच्या गावात एस.टी.तून तुम्ही माझ्यासोबत उतरलात, दोन्ही हातांनी साडी वर धरून बांधावरून चालत आलात, आणि आमच्या अंगणात पोत्यावर मांडी घालून बसलात. मांडीवर रजिस्टर, मनगटावर घड्याळ. आम्ही ढिवर; बा एरवी तलावात मासे धरायचा, हंगामात शिंगाडेही काढून आणायचा. माय ते उकडायची, वाळवायची, सोलायची, पुन्हा वाळवायची आणि जात्यावर दळायची. सोलून सोलून तिची बोटं दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत काळी असायची. तुम्ही प्रत्येक कामाला घड्याळ लावायचात आणि ती हसायची. "बाई, तुमी घड्याळ पाहून राहिल्या, मी आंधन पाहून राहिली. पाहू कोनाचं आधी होते तं."

गिरी, म्हणजे सोललेल्या शिंगाड्याचा गर, पुरती वाळली की नाही हे ती सुपात हलवून आवाजावरून ओळखायची. तुम्ही भंडाऱ्याहून छोटा तराजू आणला होतात. तुमचा तराजू अजून ओल आहे म्हणायचा आणि तिचं सूपही तेच म्हणायचं. पिठाला जाळी लागू नये म्हणून मडक्यात ती काय घालते, मडकं कशाने बांधते, सारं तुम्ही लिहून घेतलंत. "एवढं कायले लिहून राहिल्या?" असं तिनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुम्हाला जे येतं ते पुस्तकात नाही म्हणून." माझी माय त्या दिवशी दोन घास जास्त जेवली असेल. तिला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं.

आणि आमच्याकडचा पिठाच्या दिवसांचा नियम तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात. दळण सुरू झालं की आमच्या घरात मासोळी शिजत नसे. पीठ उपासाचं, कुणाच्या तरी देवाच्या ताटात जायचं, म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात तलावाच्या मातीची नवी चूल पडायची, बा मासोळीची जाळी नेऊन काकाच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, टांगायचा, माय अंघोळ केल्याशिवाय जात्याला हात लावायची नाही. आम्ही पोरं पंधरा-पंधरा दिवस तोंडं पाडून वरण-भात गिळायचो. हे तुम्ही रजिस्टरात लिहिलं होतंत. मी तुमच्या खांद्यावरून वाचलं होतं. मार्गशीर्षातली एकादशी आली तेव्हा तुम्ही आमच्याकडेच होतात. तुम्ही आपल्यासोबत आणलेली केळी तशीच पिशवीत ठेवलीत आणि मायला म्हणालात, "मला तुमच्याच पिठाचं काहीतरी करून द्या." तिनं शिरा केला. तुम्ही चुलीपाशी बसून खाल्लात आणि ताटली स्वतः विसळलीत. माय दाराशी उभी राहून नुसती बघत होती. आमच्या पिठावर उपास काढणारे असतील हजारो, पण आमच्या घरात, आमच्या चुलीपाशी बसून उपास करणारं तिनं पाहिलेलं पहिलं माणूस तुम्ही.

त्यानंतर तुम्ही सांगितलंत की जिल्ह्याची एक योजना आहे. गावात पीठ केंद्र होईल, चक्की येईल, वाळवायला फरशीचं अंगण मिळेल, मालाला शिक्का लागेल. गावातल्या दहा-बारा बाया येतील आणि शिकवायला माझी माय असेल. माय हे रोज नव्यानं ऐकायला मागायची. फक्त आधी योजनेचे साहेब आणि शहरातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई येऊन बघून जाणार होत्या. दिवस तुम्हीच ठरवलात. मायनं विचारलं, जेवायले काय करू, आणि तुम्ही म्हणालात, "खास काही नको. पाहुण्यांना तुमच्याकडे जे करतात तेच करा."

बाई, त्या एका वाक्यावर सगळं गेलं. आमच्याकडे पाहुण्यांना काय करतात, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं मानू? पिठाचे दिवस चालू होते आणि माय अडकली होती. "ढिवराच्या घरचा पाहुना मासोळीबिगर उठला, तं गाव तोंडात शेन घालन माह्या," असं ती म्हणत होती. शेवटी तिनं तोड काढली. बानं पहाटेच दोन मोठ्या मरळी आणल्या, त्या काकीकडे, तिच्या चुलीवर, तिच्या भांड्यात शिजल्या. आमच्या घरात त्यांचा काटासुद्धा आला नाही. जेवायची पानं काकाच्या सपरीत मांडली. आपला नियमही राखला आणि पाहुण्यांचा मानही, म्हणून माय सकाळपासून खुशीत होती. तुम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आला होतात. हे सारं तुमच्यासमोर ठरलं आणि तुम्ही मान हलवलीत.

अध्यक्षीणबाईंचा गुरुवार होता, त्या दिवशी त्यांना मासळी वर्ज्य. पीठ बघून झालं, त्यांनी बोटावर घेऊन "किती पांढरं" असं म्हटलंसुद्धा, आणि मग पानावर बसल्या. समोर मरळीचा रस्सा आला तशा त्या नाकाला पदर लावून उठल्या. "अहो, हे लोक याच हातांनी उपवासाचं पीठ करतात?" साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. माय वाढायचं भांडं धरून तुमच्याकडे पाहत होती. मीही. त्यांना बोलायला आमची भाषा पुरी पडली नसती, तुमची पडली असती. एकच वाक्य बोलायचं होतं तुम्हाला, बाई. हे दुसऱ्या घरी शिजलंय, या घरात पंधरा दिवस मासळी नाही, मी स्वतः इथे एकादशी केली आहे. तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मग म्हणालात, "आपण निघू या का, एस.टी.ची वेळ झाली." साहेबांची जीप दाराशी उभी होती.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलंत, अहवालाची स्वच्छ प्रत करायला. सोबत नवं शाईपेन दिलंत, माझं म्हणून, कायमचं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी दोन दिवस लिहीत होते, तुम्ही मधून मधून चहा देत होतात. मायचं सूप, मायचं मडकं, गिरीचा आवाज, सारं त्यात होतं. "स्थानिक पद्धत" या नावाखाली. पिठाच्या दिवसांचा नियम कुठे येतो म्हणून मी पानं उलटत होते. तो आलाच नाही. त्याच्या जागी शिफारशींत होतं, "कौटुंबिक व्यवसायामुळे स्वयंपाकघराचा मासळीशी सतत संबंध येतो. उपवासाच्या पदार्थाचे उत्पादन येथे योग्य ठरणार नाही. केंद्र शहरातील महिला मंडळाकडे द्यावे."

मी पेन खाली ठेवलं. "बाई, पण तुम्ही पाहिलं होतं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. तुम्ही गॅसकडे वळून उभ्या होतात. "असं लिहिलं नाही तर योजनाच परत जाईल. कुठेच काही होणार नाही. तुमच्या गावाचं पुढच्या वर्षी बघू," असं म्हणालात. थोड्या वेळानं, "जसं आहे तसं लिही." आणि मी लिहिलं. एकोणीस वर्षांची होते, परीक्षा तुमच्या हातात होती, वसतिगृहातली जागाही तुमच्या शब्दावर मिळाली होती. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. त्या पानावरचं अक्षर बाकीच्या पानांइतकंच वळणदार आहे, एकही शब्द खोडलेला नाही. मला याचा राग तुमच्यापेक्षा थोडाच कमी येतो.

केंद्र शहरात झालं. तिथल्या बायकांना गिरीची ओल ओळखता येईना, पीठ महिन्यात कडू व्हायला लागलं, तेव्हा तुम्ही मायला आठ दिवसांसाठी बोलावणं धाडलंत. ती नवं लुगडं नेसून, घरचं सूप काखेत घेऊन आली. मी कॉलेजातून तिला बघायला गेले, तर ती फरशीच्या अंगणाबाहेर, पायरीवर बसली होती. दळणाला, गिरीला तिनं हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं, असं ठरलं होतं. आतली एक बाई सूप हलवायची आणि माय बाहेरून कान देऊन सांगायची, "नाही जी, अजून ओली हाये, आनखी दोन उन्हं लागतीन." तुम्ही आत खुर्चीवर होतात. माझ्याशी नजरानजर झाली तशा रजिस्टर चाळायला लागलात. तिला घरी सोडायला गेले तेव्हा एस.टी.त मायनं मला एकदाच विचारलं, "माह्या पिठात काय खोट होती वो, पोरी?" मी म्हटलं, "काही नाही माय, सरकारी काम असंच राहते." पुढचं वर्ष कधी आलं नाही. तुम्ही नागपूरला गेलात आणि काही वर्षांनी तुम्ही वारल्याचं मला कॉलेजातल्या शिपायाकडून कळलं. मी रडले नाही. घरी येऊन भांडी घासली आणि जरा जास्तच जोरात घासली.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. मायला तुमच्याबद्दल कधीच राग आला नाही. अहवालात काय होतं आणि ते कुणी लिहून काढलं, हे तिला माहीत नाही. आता बोटं वाकडी झाली आहेत, जातं ओढवत नाही, गिरी चक्कीवर दळून आणते. तरी दर शिवरात्रीच्या आधी एक डबा पिठाचा भरते, फडक्यानं तोंड बांधते आणि माझ्या हातात देते. "मास्तरीनबाईले नेऊन दे. लय म्हाताऱ्या झाल्या असतीन आता. बाकी कोनी माह्या चुलीपाशी बसून एकादस केली का?" तुम्ही गेल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती तुमच्यासाठी रडली असती आणि ते मला बघवलं नसतं. डबा मी मोहाडीला आणते आणि त्या पिठाचा शिरा करून एकटीच खाते. पुढच्या खेपेला ती विचारते, काय म्हनल्या बाई? मग मी सांगते, एवढं पांढरं पीठ शहरात कुणाला जमत नाही म्हणाल्या, तुझ्या घरासारखं निर्मळ घर दुसरं पाहिलं नाही म्हणाल्या. दरवर्षी काहीतरी नवं सांगावं लागतं. सोळा वर्षं मी तुमच्या तोंडून तेच वाक्य तिला ऐकवते आहे, जे तुम्ही बोलला नाहीत आणि मी लिहिलं नाही.