करपलं म्हणायचं नाही

१२ मे, दुपार

ती. ताईंना सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगते. तुमची धाकटी बहीण गेल्यावर तिच्या जागी या घरात आले, ती मी. ‘जागी’ हा शब्द खोडून पाहिला, पण दुसरा सापडेना. आमच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, त्याचा मनात राग नाही. मीही आले नसते.

इकडे सगळं ठीक. यांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम जोरात आहे. उन्हाळ्यात लिफ्टनाही माणसांसारखंच चढायचा कंटाळा येतो म्हणतात. मी अजून रक्त तपासायच्या लॅबमध्येच आहे. सकाळची पाळी, त्यामुळे दुपारची घरी असते. तुमची भाची मजेत आहे. सुट्टी लागली आहे, उंची वाढली आहे, फ्रॉक गुडघ्यांवर जायला लागलेत. तुम्ही सगळे तिला खारू म्हणता ना? मी अजून तिच्या शाळेतल्या नावानंच हाक मारते. खारू म्हणायला काही तरी हक्क लागतो असं वाटतं.

पत्र लिहायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. हसाल. उन्हाळा लागला की तुमची बहीण मक्याचं काही तरी तोंडी लावायला करायची. गोडसर, आणि धुराचा वास असलेलं. यांना कृती विचारली तर म्हणाले, “मका होता, गोड होता, छान होता.” लिफ्टची एकूण एक तार सांगतील, पण ताटात काय होतं ते विचारू नये.

मी माझ्या बुद्धीनं करून पाहिलं. कोवळी कणसं जाळीवर फिरवून फिरवून भाजली, दाणे सुरीनं उतरवले, लोण्यावर कांदा, मग दाणे, साखर, मीठ, भाजलेल्या लाल मिरचीची पूड. सगळं मोजून आणि गजर लावून, कारण लॅबमध्ये राहून तशी सवयच लागली आहे. गोडी येते, तिखट येतं, धूर काही येत नाही. खारूनं (बघा, लिहिलंच) एक दाणा जिभेवर ठेवला आणि ताट सरकवलं. उद्धटपणे नाही हो. पाहुण्यांच्या घरी मुलं सरकवतात ना, तसं.

ती हल्ली कमी जेवते. उन्हाचं असेल.

खरं तर फारच कमी जेवते. दंड काडीसारखे झालेत. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. सुट्टी संपली की तिला तुमच्याकडे ठेवावं असं यांच्या मनात आहे. तुम्हाला त्यांनी लिहिलंच असेल. मला विचारलं तर मी “तुम्हाला योग्य वाटेल ते” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी तिची कोण?

एवढंच. कृती तेवढी कळवावी.

आता पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पण राहवत नाही. ताई, दुपारी चारच्या सुमाराला या स्वयंपाकघरात करपत्या साखरेचा वास येतो. गॅस बंद असतो, भांडी पालथी असतात, शेजारच्यांची खिडकी लावलेली असते. मी जाऊन जाऊन बघितलंय. नाकाची तपासणीसुद्धा करून घेतली. वास आला की मुलीच्या खोलीचं दार उघडतं. ती धावत येते, दारात थांबते, ओट्यापाशी मी दिसते, आणि तिचा चेहरा जो काही होतो तो मला लिहिता येत नाही. मग ती पाणी पिऊन परत जाते.

तुमची बहीण रागीट होती का हो?

आपली,
(यांची पत्नी)


२० मे

चि. हिला अनेक आशीर्वाद.

चार पानं लिहिलीस आणि मागितलीस काय, तर मक्याची कृती. अगं, मक्यासाठी कोणी एवढं लिहितं का? आणि सही ही अशी? “यांची पत्नी” म्हणजे काय, तू काय त्या लिफ्टचा सुटा भाग आहेस? पुढच्या वेळी नीट काही तरी लिही.

आता ऐक. त्या मक्यात गुपित वगैरे काही नाही. माझ्या बहिणीला स्वयंपाक येत नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण ती जिवंत असताना मी तोंडावर सांगायची, तेव्हा चालतं. कढई चढवायची, खिडकीशी जायची, गप्पांना बसायची. खारू बोलायला लागल्यापासून तर विचारूच नकोस, दोघी मायलेकी कावळ्यांशीसुद्धा बोलायच्या. तोवर मका खाली लागायचा. मग ही धावत येऊन वर मूठभर साखर आणि लोण्याचा गोळा टाकायची आणि वास लपवायला झाकण मारायची. धूर आतच कोंडायचा. झाली तुझी कृती.

आमची आईही तशीच वेंधळी. म्हणून आमच्या घरात ‘करपलं’ म्हणायला बंदी होती. ‘धुरावलं’ म्हणायचं, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. बाबा तर पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडची खास पद्धत आहे म्हणून.

तुला जमत नाही, कारण तू गजर लावतेस.

रागीट होती का विचारलंस. नव्हती. ती भांडायला येणारी नाही. आली असलीच, तर गॅसवर काही तरी विसरून गेली असेल आणि ते बघायला आली असेल. तुझं माझं तिला काही पडलेलं नसणार. (हे लिहिताना मला रडू आलं, तुला म्हणून सांगते.)

तुझ्या नवऱ्यानं मला लिहिलंय. मी मागची खोली झाडून ठेवली आहे. जूनच्या दुसऱ्या रविवारी येते खारूला न्यायला. तिचे कपडे जास्त देऊ नकोस, इथे घेऊ.

ताई


३ जून

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि दोन्ही झालं, हसूही आणि दुसरंही. मग मुद्दाम करपवायला घेतलं. ताई, मुद्दाम करपवलेला मका नुसताच करपतो. कडू जहर झाला. दुसऱ्या दिवशी जरा कमी करपवला, तोही तसाच. खारू वास घेऊन म्हणाली, “हा तो नाही.” निदान ‘तो’ म्हणून काही आहे, एवढं तरी तिच्या तोंडून निघालं.

काल दुपारी तिची बॅग भरायला काढली होती. तुमच्या रविवारला अजून अवकाश आहे, पण यांना सगळं आधी तयार लागतं. मी मका चढवला. सवयीनं गजरही लावला. तिच्या खोलीत गेले तर ती बॅगेत बसली होती. बॅगेजवळ नाही, बॅगेत. पाय पोटाशी घेऊन.

म्हटलं, “मावशीकडे जायचं नाही का?”

तर म्हणाली, “तुम्हालाही येतो ना तो वास?”

इतक्या दिवसांत हे आमच्यात कोणी उच्चारलं नव्हतं. मला खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं.

मग ती बांध फुटल्यासारखी बोलायला लागली. बाबांना सांगितलं तर बाबांनी डॉक्टरकडे नेलं, म्हणून सांगायचं बंद केलं. वास रोज येत नाही. पोटभर जेवलं की त्या दिवशी येत नाही. उपाशी राहिलं की हमखास येतो. तिनं पडताळून पाहिलं आहे, ताई. मी लॅबमध्ये करते तसं, आज इतकं खाऊन, उद्या तितकं खाऊन. माझ्या हातचं नकोसं म्हणून ती उपाशी राहत नव्हती. आईला घरात ठेवायला राहत होती.

“आणि मावशीकडे तो येणारच नाही,” म्हणाली. “आईला तिथलं स्वयंपाकघर कुठे माहीत आहे?”

मी तिच्या बॅगेशेजारी जमिनीवर बसले. काय बोलले ते धड आठवत नाही. हे आठवतं, की माझं नाक लाल झालं होतं आणि ती मला स्वतःच्या फ्रॉकचा कोपरा देत होती. मग तिनं आईच्या गोष्टी सांगितल्या. कावळ्यांची नावं सांगितली. एकाचं नाव मुख्याध्यापक आहे, ते तुम्हाला माहीत होतं का? मी पोट धरून हसले. गजर कधी तरी वाजलाच असणार. मी तो ऐकला नाही.

तेवढ्यात वास आला.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, “आली.” आणि आम्ही दोघी अजिबात हललो नाही. मी तर श्वाससुद्धा जपून घेत होते. एवढा दाट वास कधीच आला नव्हता. ती डोळे मिटून बसली होती, चेहऱ्यावर असं काही समाधान की मी देवाला म्हटलं, राहू दे, अजून थोडा वेळ राहू दे. आम्ही अशा किती वेळ बसलो होतो कोणास ठाऊक. दाराखालून पांढरा धूर आत आला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

शहाणी, शिकलेली बाई मी. दिवसभर माणसांच्या रक्तातली साखर मोजते. आणि गॅसवरची साखर जळत असताना भूत आलं म्हणून हात धरून बसले!

धावलो. स्वयंपाकघरात धुराचा पडदा होता. आता पुढचं जसं घडलं तसंच लिहिते, तुम्ही काय समजायचं ते समजा. गॅस बंद होता. कढईवर झाकण होतं. मी कढईवर कधी झाकण ठेवत नाही; झाकलेलं दिसत नाही, म्हणून मला ते चालतच नाही. हे कामावर होते. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

मी ओट्यापाशी जाऊन झाकण उचललं. तळाशी मका लागला होता, पण वरचा सोनेरी होता, कडेकडेनं तपकिरी. तो वास. तोच.

मागून खारू म्हणाली, “आई गं, पुन्हा करपवलंस ना!” हसत म्हणाली. मी वळून पाहिलं, तर ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, खिडकीकडे बघत होती. मी तिकडे पाहिलं नाही. घाबरले म्हणून नाही. दोघींचं बोलणं चाललं असताना मध्ये बघू नये, म्हणून.

मी एवढंच म्हटलं, “करपलं म्हणायचं नाही. धुरावलं म्हणायचं.”

तिनं चमकून विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मावशीनं,” म्हटलं. तिनं डब्यातून मूठभर साखर काढली, मी लोणी घातलं, पुन्हा झाकण ठेवलं. ती जेवली, ताई. दोनदा वाढून घेतलं. अर्ध्यात थांबली, माझ्याकडे भेदरून बघितलं, म्हणाली, “आता ती जाईल?” मी म्हटलं, “जाईल कशाला? तिच्या हातचं आवडीनं खाल्लं म्हणून कोणी रुसतं का?” हे मला खरंच ठाऊक नव्हतं. रात्रभर मी काळजी करत पडले.

आज दुपारी जेवून उठलो आणि चारच्या सुमाराला वास आला. पडद्यांत मुरलेला असेल. नसेलही. आम्ही दोघींनी आधी जाऊन गॅस बघितला. बंद होता. मग तिथेच उभ्या राहिलो, आणि खारूनं मुख्याध्यापकाला पोळीचा तुकडा घातला.

ताई, मागच्या पत्रात जे लिहायला धीर झाला नाही ते आता लिहिते. तिला नेऊ नका. मला ती हवी आहे. यांना मी काल पहिल्यांदा “मला योग्य वाटत नाही” असं म्हटलं. ते ग्रीसचे हात तसेच धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, “मग ताईंना तूच लिही.” म्हणून लिहिते. हक्क नाही, हे कळतं. तरी मागते.

रविवारी मात्र याच. न्यायला नको, जेवायला या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आणि इतके दिवस मी या ओट्याशी अंग चोरूनच उभी होते. पण स्वयंपाकघर म्हणजे काही म्यान नाही. तुमची बहीण खिडकीशी उभी राहते, मी गॅसपाशी. तिनं विसरायचं, मी बघायचं. कधी मी विसरले तर ती झाकण ठेवते. आमचं बरं जमेल.

मागच्या खेपेला सही नीट कर म्हणालात. करते.

तुमची धाकटी
(तिला आता मधली म्हणा.)