चारच्या चहाचा दुसरा कप

आत्या,

चारच्या चहाला तुम्ही समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं दुसरा कप ठेवता. त्याला कुणी हात लावत नाही, तरी त्यातला चहा अर्ध्या तासात सहा मिलिमीटर उतरतो. तीन दिवस पट्टीनं मोजलं. स्वयंपाकघरात ठेवलेला तसाच कप एक मिलिमीटरही उतरला नाही.

रजई शोधताना तुमच्या पेटीत एक जुनी कादंबरी सापडली. तिच्यात दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम असतं आणि लाजेपोटी एक दुसरीला नाकारते. शेवटच्या पानावर तुमचं अक्षर आहे: “मीही सबिहाला दारातूनच परत पाठवलं. चार वाजले होते.”

काल तुम्ही देवळात होता. मी एकटीसाठी चहा गाळला आणि पाहते तर दोन कप भरलेले. मला भीती वाटली.

डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात आहेत, दुपारी विसरू नका. मी परंड्याच्या गाडीनं निघाले आहे.

रविवारी कळंबची मंडळी मला बघायला येणार, म्हणून मी परंड्याच्या माझ्या इराला टाळत होते. आज सकाळी तिला फोन केला. ती म्हणाली, “तीन वर्षं नुसतं पुटपुटतीस. एकदा मोठ्यानं बोल की बाई!”

मग अंगणात उभी राहून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं मी म्हणाले, “मी लग्न करणार नाही, इरा. मी तुझ्याकडं राहायला येतेय.”