धाकटी शिकायला गेली आहे

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू विचारलंस, गॅप इयर कसं चाललंय? झकास चाललंय. सकाळपासून चष्म्याच्या दुकानात उभी असते, लोकांच्या नाकावर फ्रेम चढवते, समोर आरसा धरते आणि ‘शोभते हो’ म्हणते. तुझ्या लाडक्या कॉलेजच्या पत्रात लिहिलं होतं ना, हे वर्ष मला समृद्ध करणार म्हणून? नाकांच्या बाबतीत तरी केलंय.

काय ते पत्र! माझी गुणवत्ता उत्तम, माझी निवड झालेलीच, फक्त यंदा अपेक्षेपेक्षा जास्त मुलं हो म्हणाली, तेव्हा मी पुढच्या वर्षी यावं. जेवायला बोलवायचं आणि पाहुणा दारात आला की सांगायचं, ताटं संपली, उद्या या. वर अट अशी की तोवर दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाव घालायचं नाही. घातलं तर ही जागा गेली. आणि तू, तिथूनच पदवी घेतलेला शहाणा, म्हणालास की हा एक प्रकारचा सन्मानच आहे. एवढा सन्मान वाटतो तर तूही नोकरीवर वर्षभर उशिरा जायचं होतंस.

कॉलेजचं सोड, ते परकं. तुमचं काय? बिल्डिंगभर माझा निरोप घेऊन झाला होता, तू तर गच्चीवर भाषणही ठोकलं होतंस, आणि निघायच्या आदल्या दिवशी ते पत्र आलं. खरं सांगितलं तर चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणे. मग तू आणि आईनं मला ठरल्या दिवशी, ठरल्या टॅक्सीत बसवलंत, सगळ्यांदेखत हात हलवलेत, आणि मी उतरले कुठे, तर मावशीकडे! आता शेजारणी आल्या की आई मला फोन लावते, स्पीकरवर टाकते आणि विचारते, आज लेक्चर कसं झालं गं? मी मावशीची भांडी विसळता विसळता सांगते, छान झालं. मला तुमची कीव येते, दादा. घरची आठवणही येते, रोज येते, आणि त्याचा तर जास्तच राग येतो.

परवा मी तुझ्या कॉलेजला कळवून टाकलं, माझी जागा ठेवू नका. इथल्या एका साध्या कॉलेजात शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालाय. सोमवारपासून सकाळी वर्ग, दुपारनंतर दुकान. तू म्हणशील, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. यातलं हातचं कुठलं आणि पळतं कुठलं, ते निवांत बसून ठरव.

हे मी सावकाश सांगणार होते. पण आज आपल्या खालच्या मजल्यावरचे काका इकडे मुलीकडे आलेत, ते वाचायचा चष्मा करायला नेमके आमच्याच दुकानात शिरले. मी लपले नाही. सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, तुम्हाला नावंही ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, अगं, मग तू आपल्या घरीच का नाही राहिलीस? मी त्यांच्या नाकावर फ्रेम चढवली आणि समोर आरसा धरला. पुढच्या आठवड्यात ते परततील आणि हेच विचारायला आपल्या दारात येतील. तेव्हा आईला आधी सगळं नीट सांग, आणि काकांना काय उत्तर द्यायचं ते दोघं मिळून ठरवा. ठरलं की मलाही कळवा.

तुझीच,
धाकटी