मधले अकरा सेकंद कापू नयेत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा गाण्यांना चाली लावणे, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी परवा त्याची परीक्षा घेतली. शंभरातून सात-सात वजा करत खाली या म्हणाल्या. मी दोनवर येऊन थांबलो आणि आता पुढे काय करू म्हणून विचारले. त्यांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायचे प्रयत्न झाले, मुख्यतः मुलाकडून, आणि ते फसले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हेही रागातच करतो आहे, पण या वेळी वकीलबाईंना विचारून.

कलम एक, घर. दोन्ही खोल्या मुलाला आणि सूनबाईला, निम्म्या-निम्म्या. सूनबाईचे नाव मुद्दाम घातले आहे. घरातली वस्तू हलवण्याआधी ती विचारते, मुलगा विचारत नाही. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, तिच्या फटीत कागदाची घडी घालावी लागते. सध्याची घडी म्हणजे एका समीक्षकाने माझ्यावर लिहिलेला लेख आहे. लेख चांगला जाड आहे, अजून वीस वर्षे सहज टिकेल.

कलम दोन, पियानो. तो त्याचे सूर जुळवायला येणाऱ्या गृहस्थांना द्यावा. मधली एक पट्टी दाबली की वर येत नाही. ती दुरुस्त करू द्या म्हणून ते तीस वर्षे मागे लागले होते आणि मी त्यांना हात लावू दिला नाही. त्या पट्टीला वळसा घालत मी चाली केल्या. सूर एकदम उडी मारतो ही माझी शैली आहे, असे त्यावर लोकांनी लिहिले. शैली कसली डोंबलाची, पट्टी वर येत नव्हती. पण अडले की हात नवी वाट शोधतो, हे मी त्या पट्टीकडून शिकलो. आता त्यांनी ती खुशाल दुरुस्त करावी.

कलम तीन, टेबल आणि वह्या. टेबल सूनबाईला. मुलाखती घ्यायला येणारे सगळे एकच विचारत आले, तुम्हाला चाल सुचते कशी? मला चाल सुचत नाही. खुर्ची कशी सुचली, असे सुताराला कोणी विचारत नाही. मी सकाळी नऊला या टेबलाशी बसतो आणि एकला उठतो. दहा चाली लावतो, नऊ टाकतो, आणि दहावीतले निम्मे सूर काढून घेतो. उरते ते गाणे. टाकलेल्या चालींच्या एक्केचाळीस वह्या रद्दीवाल्याला द्याव्यात. माझ्या पश्चात त्या कोणी 'अप्रकाशित' म्हणून बाहेर काढू नयेत. मी त्या झक मारायला टाकल्या नव्हत्या.

कलम चार. ज्या एका गाण्यामुळे लोक मला ओळखतात, त्याविषयी. हे कलम लांब आहे, घाई असेल त्याने आधी चहा पिऊन यावे.

ते गाणे मी अडतीस वर्षांपूर्वी रेडिओ केंद्रासाठी केले. तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. गायली माझी पत्नी. तिच्या छातीत तेव्हा दुखणे शिरले होते. दोन कडवी झाली की तिचा दम संपायचा. सगळे म्हणाले, शेवटचे कडवे गाळून टाका. मी म्हणालो, गाळणार नाही. ती थांबेल, दम घेईल, मग गाईल, आणि तोवर वाद्ये गप्प बसतील. वहीत मी लिहिले, अकरा सेकंद. व्हायोलिनवाले एकमेकांकडे पाहू लागले.

पत्नी म्हणाली, "अहो, लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "लोक थांबतील. नाहीतरी त्यांना दुसरं काय काम आहे?"

ती हसली, आणि हसल्यामुळे पुन्हा खोकली.

येथे एक गैरसमज आत्ताच खोडून टाकतो. मी गेल्यावर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने बायकोच्या आजारपणाला तत्त्वज्ञानाचा कोट चढवला. गरज तिची होती हे खरे. पण तालमीत तो खंड पहिल्यांदा ऐकला आणि मला कळले की तोवर मी गाणी नुसती ठासून भरत होतो. दोन कडव्यांनी ऐकणाऱ्याच्या आत काही हलले असेल, तर त्याला बसायला जागा लागते. सूर काय, कोणीही घालतो. जागा ठेवायला छाती लागते. पत्नी धडधाकट असती, तरी एकदा ऐकल्यावर मी ती शांतता ठेवलीच असती. हे मी शपथेवर लिहितो.

रेडिओ केंद्राचा नियम असा होता की सहा सेकंदांच्या वर आवाज थांबला तर तो बिघाड समजायचा, आणि ड्यूटीवरच्या इंजिनिअरने तयार ठेवलेली बासरीची तबकडी लावायची. पहिल्यांदा गाणे लागले त्या सकाळी आम्ही दोघे रेडिओपाशी बसलो होतो. दोन कडवी झाली. शांतता आली. आणि बासरी सुरू झाली. मग निवेदिकेने तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शेवटचे कडवे कोणी ऐकलेच नाही. मी संतापाने चपला शोधत होतो, आणि पत्नी म्हणाली, "बासरी बरी वाजवलीय हो त्यानं."

मी केंद्रावर जाऊन भांडलो. समिती बसली. समितीचे पत्र आले की शांतता हा कार्यक्रमाचा भाग असू शकत नाही. ते पत्र फ्रेम करून मी संडासात लावले आहे, ते तिथेच राहू द्यावे. त्यांनी फीत कापली, दोन्ही टोके जोडली, आणि ते जोडगाणे अडतीस वर्षे वाजवले. ते गाजले. मी नोकरी सोडली. पत्नी पुढच्याच वर्षी गेली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. आईचा आवाज त्याला माहीत आहे तो त्या कापलेल्या गाण्यातलाच.

बासरी लावणारा इंजिनिअर माझा मित्र होता, आमच्या पंगतीला बसणारा. त्या दिवसापासून मी त्याला ड्यूटीवाला म्हणतो. तो तीनदा माझ्या दारात आला आणि तिन्ही वेळा मी त्याच्या तोंडावर दार लावले. तिसऱ्यांदा त्याच्या हातात एक चपटा डबा होता. बिस्किटे देऊन मला गप्प करायला आला असे समजून मी दार जरा जास्तच जोरात लावले.

गेल्या महिन्यात तो चौथ्यांदा आला. त्याचे गुडघे गेले आहेत, तीन मजले चढवेनात. त्याने डबा खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंच्या हाती वर पाठवला. काकू म्हणाल्या, "ते म्हणतायत, उघडून बघा, आणि मग हवं तर खिडकीतून माझ्या डोक्यात घाला."

डब्यात मूळ फीत होती, न कापलेली. गाणे कापून मूळ पुसून टाक, असा त्याला हुकूम होता. त्याने नक्कल कापली आणि मूळ घरी नेली. त्यात नोकरी गेली असती. म्हणजे अडतीस वर्षे ती फीत माझ्यापासून दोन गल्ल्यांवर होती, आणि मी दारे लावत बसलो होतो. यात चूक त्याची नाही, माझी आहे. आजवर हे कोणापुढे कबूल केले नव्हते. मला वाईट वाटते, फार वाटते.

मी खिडकीतून ओरडून विचारले, "बासरी का लावलीस रे?"

तो खालून म्हणाला, "नियम सहाचा होता, मास्तर. मी सात मोजले. एक माझ्या पदरचा दिला."

आता मुलाविषयी. तो ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, आणि गायकांचे श्वास काढून टाकणे ही त्याची खासियत आहे. दोन ओळींमधला दम, ओठ उघडल्याचा आवाज, आवंढा, या सगळ्याला ते लोक कचरा म्हणतात. माझा मुलगा तो इतक्या सफाईने काढतो की गाणाऱ्याला फुप्फुसे आहेत याचा पुरावा उरत नाही. एका कंपनीला हे गाणे नव्याने काढायचे आहे आणि मुलालाही ते हवे आहे. तो वाईट नाही. माझे नाव टिकावे असे त्याला मनापासून वाटते. पण आमचे बोलणे झाले ते असे.

"बाबा, फीत सापडली हे छानच झालं. पण मधे एकच सेकंद ठेवू. इतका वेळ गप्प राहिलं की लोकांना वाटतं बंद पडलं. ते पुढच्या गाण्यावर जातात."

"जाऊ दे."

"अहो, मला तुमचं गाणं लोकांनी पूर्ण ऐकावं असं वाटतं."

"मग पूर्ण दे."

"पूर्ण दिलं तर ऐकणार नाहीत. कोणीच ऐकलं नाही तरी चालेल तुम्हाला?"

"आजवर तरी कोणी ऐकलंय?"

तो उठून गेला. फीत ऐकलीही नाही. लांबी कळली, तेवढे त्याला पुरले.

म्हणून ठरवतो की या गाण्याचे हक्क मुलाला मिळणार नाहीत. ते मी ड्यूटीवाल्याला देतो, आणि त्याच्यानंतर सूनबाईला. अट अशी की गाणे काढायचे तर मधल्या अकरा सेकंदांसह काढावे, नाहीतर काढू नये. सहावर बासरी लावायचा हुकूम असताना ज्याने सात दिले, त्याच्या हाती ते अकरा सुरक्षित आहेत. मी त्याला माफ केलेले नाही. माफी वेगळी, जबाबदारी वेगळी. मुलाने यावर कोर्टकचेरी केली, तर घरातला त्याचा हिस्सा सूनबाईला जाईल.

कलम पाच, अंत्यविधी. गाणी नकोत. शोकसभा घेऊन दोन मिनिटे उभे राहणेही नको. ज्यांना माझी अकरा सेकंदांची शांतता सोसली नाही, त्यांनी माझ्यासाठी एकशेवीस सेकंदांचे नाटक करू नये.

येथवर काल लिहून झाले होते. आज सकाळी सह्यांसाठी सगळे जमले तेव्हा मी सांगितले की आधी गाणे ऐकायचे, मग सह्या. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून ड्यूटीवाल्याला फीत लावायचे काम दिले. तो दर मजल्यावर बसत बसत वर आला होता.

दोन कडवी झाली. वाद्ये थांबली. मुलाने सवयीने मान वर केली आणि त्याचा हात यंत्राकडे गेला. तेवढ्यात ती ऐकू आली. आधी छातीतली बारीक घरघर, मग दाबलेला खोकला, मग काही नाही. मुलाचा हात तिथेच राहिला. मग तिने खोल, लांब श्वास घेतला आणि शेवटचे कडवे गायली.

गाणे संपले. मुलगा ड्यूटीवाल्याला म्हणाला, "काका, पुन्हा लावता?"

"शेवटचं कडवं?"

"नाही. मधलं."

तेवढाच तुकडा चारदा लावला. मग त्याने मला विचारले, "आईला असा दम लागायचा?"

मी म्हणालो, "हो रे."

त्याने कलम चार मागून घेतले आणि दोनदा वाचले. मला वाटले, आता भांडणार. मी तयारीत होतो. तो म्हणाला, "बाबा, हे चुकलंय. अकरा नाहीत, तेरा आहेत. शेवटचा श्वास ती अकरानंतर घेते. कोणी तुमच्या या कागदावर बोट ठेवून बरोबर अकरा ठेवले, तर नेमका तोच जाईल."

मी वहीत अकरा लिहिले होते, आणि तेच धरून अडतीस वर्षे जगाशी भांडत होतो. तिने माझे ऐकलेच नव्हते. तिला हवे होते तेवढे तिने घेतले. महिनाभर मी ती फीत रोज ऐकत होतो, पण मोजायचे भान मला कधी राहिले नाही.

हक्क मी मुलाला दिलेले नाहीत आणि त्याने मागितलेही नाहीत. दुरुस्ती मात्र त्याच्याच हाताने लिहून घेतली आहे.

*दुरुस्ती. कलम चारमधील अटीत 'मधल्या अकरा सेकंदांसह' हे शब्द खोडले. त्या जागी वाचावे, 'दुसऱ्या कडव्याचा शेवटचा सूर संपल्यापासून तिसऱ्याचा पहिला शब्द येईपर्यंत, आईच्या सर्व श्वासांसह, काहीही साफ न करता.'*

खाडाखोड माझ्या समक्ष व माझ्या मर्जीने झाली. वरील मजकूर वाचून, ऐकून, समजून सही करतो.

सही : चाली लावणारा

आम्ही दोघींनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार एक : डॉक्टरीणबाई
साक्षीदार दोन : खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू

दुरुस्तीचे अक्षर माझे : मुलगा

स्थळ : मागची खोली
दिनांक : नऊ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा