तेलाचं कापलेलं माप

आबा, तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, मी स्वतः आजी झाले. तरी एखादा पुढारी गरिबांचं नाव घेऊन विक्रीकर कमी करा म्हणून गळा काढू लागला, की मला तो दिसतच नाही. तुम्ही दिसता, कडक इस्त्रीची टोपी घातलेले, हातात मी लिहून दिलेला कागद धरलेले.

मोलगीच्या बाजारात आपलं तेल पैशानं कधी विकलंच गेलं नाही. डोंगरातल्या बायका सूपभर चारोळी आपल्या गोणीत ओतायच्या आणि तुम्ही पत्र्याचं एक माप तेल त्यांच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात. भाव कुणी विचारत नसे, माप हाच भाव. म्हणून तेलावर विक्रीकर लागला तेव्हा तुम्ही मापाचा काठच बोटभर कापून आणलात. आई चिडली, "हाई पाप शे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाप सरकारनं शे. कर कमी व्हई गया का नवं माप करसू." माझा तुमच्यावर विश्वास बसला. मूर्ख होते मी.

मग व्यापाऱ्यांची सभा ठरली. मी नुकती शाळेत मास्तरीण म्हणून लागलेली, घरात शुद्ध मराठी येणारी मी एकटीच. तुम्ही मला स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसवलंत. "बेटा, भाषन तू लिखी दे. मन्ही बोली तठे चालाव नही." मी मन लावून लिहिलं. गरिबाच्या भाजीतलं तेल सरकार पितं, हे वाक्य माझं, आबा. त्यावर टाळ्या पडल्या, आमदारांनी मान डोलावली, पेढे वाटले गेले. त्या भाषणात डोंगरातली ती माणसं पानोपानी होती, सभेत त्यांच्यातलं एकही नव्हतं. सुट्टीत बाजाराला आले तेव्हा डोंगरातून नेहमी येणाऱ्या एका पावरा आदिवासी बाईला मी कौतुकानं सांगून टाकलं, कर उतरला की तुझं माप पुन्हा मोठं होईल. तिच्या घरी खाणारी सात तोंडं होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

कर खरंच कमी झाला. तुम्ही हार घालून घेतलात. पुढच्या बाजाराला गोणपाटावर तेच कापलेलं माप बघून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी विचारलं तर तुम्ही गोणीची दोरी सोडत, वरसुद्धा न बघता म्हणालात, "आज कमी व्हई गया, परत वाढी जाई. माप काय घडीघडी बदलतस का?" एवढंच. लाज नाही, अडखळणं नाही. चोरी करणाऱ्याला निदान मागे वळून बघावं लागतं, तुम्ही तर हार गळ्यात घालून मोकळे झालात. सरकारनं सोडलेला पैसा तुम्ही त्या बायकांच्या तुंब्यातून काढून घेत राहिलात, आणि तोही माझ्या भाषणाच्या जोरावर. तुमच्या तेराव्यालाही मला रडू आलं नाही, ते यामुळेच.

हे सगळं मी अनेकदा लिहिलं आणि इथपर्यंत येऊन फाडलं, कारण पुढचं मला लिहायचं नसतं. ती बाई त्या दिवशी येते. चारोळी ओतते, तुंबा पुढे करते, माप बघते आणि तुमच्याकडे नाही, माझ्याकडे वळते. "बेन, तेवढंच?" तुम्ही माप तेलात बुडवता. मी तुमच्याकडे बघते, आजूबाजूच्या दुकानदारांकडे बघते. आणि चांगल्या, स्वच्छ मराठीत तिला सांगते, "सरकारनं अजून कर कमी केलेला नाही." ती मान हलवून निघून जाते. आबा, ते वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं.