भवानीच्या वेळी पेटवलेला कागद

तीर्थरूप न्यानताईच्या चरणी धाकट्या क्वेनचा नमस्कार. (गुडघे धरलेत, म्हणून बसूनच करतो आहे, पण मनाने पुरता वाकलो आहे असं समज.) तुझी पाठ कशी आहे? तिकडे दालात शहरात यंदा थंडी फार आहे असं ऐकलं. दिवसभर फोच्या सूपच्या पातेल्यापाशी उभं राहून तुझे डोळे चुरचुरतात, त्यावर काही औषध केलंस का? दाजींचा खोकला काय म्हणतो? इथे सगळं क्षेम आहे. बाबांच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लागते, तुती पालवली आहे, माग धडधडत आहेत, आणि आपली लुआ बहुधा जन्मभर आईबापाच्याच घरी राहणार आहे. हे माझ्यामुळे झालं, असं मूयचं म्हणणं. एवढ्याशा गोष्टीवरून बायको आठवडाभर कसं बोलू शकते, ते तू बाई आहेस, तुला माहीत असेल.

नदीपलीकडच्या, रेशीमकिडे पाळणाऱ्या गावातला किएन लुआला पसंत आहे, हे तुला कळवलंच होतं. पुढच्या महिन्याच्या बाराव्या तिथीला त्याच्याकडची माणसं पानसुपारीची तबकं घेऊन रीतसर येणार. तोवर तिकडून कुणी फिरकायचं नाही, अशी पद्धत. आता ही पद्धत मोडून कुणी सकाळच्या पहिल्या बसने, तपकिरी सदरा घालून, डोक्यावर पानांची टोपी ठेवून एकटंच दुकानात आलं, तर ते गिऱ्हाईक आहे की मुलाची आजी, हे मी कसं ओळखावं? (मूयच्या मते ओळखायला हवं होतं. मूय तेव्हा मंडईत होती.)

मी नुकतं दार उघडलं होतं. म्हातारीने एकेक ठाण उलगडायला लावलं, उजेडात धरलं, उलटं केलं, नखाने खरवडलं, शेवटी एक काठ चक्क दातांखाली घेतला. असा तास गेला आणि तीन पेले चहा गेला. वर चौकशा. घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, नवराबायको भांडलात तर आधी कोण बोलतं. (मी म्हटलं, ‘आजी, कापड घ्यायला आलात की शिरगणतीला?’ हे वाक्य मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं.) मी भाव सांगितला, तिने निम्मा केला. भवानीची वेळ, जाऊ दे, म्हणून मी निम्म्यालाही हो म्हटलं. तर ‘बघते’ म्हणाली आणि चालती झाली.

ताई, तूही दुकान चालवतेस. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की सगळा दिवस बुडाला, हे तुला सांगायला नको. तेव्हा आपण सगळे जे करतो तेच मी केलं. कॅलेंडरचं कालचं पान फाडलं, पेटवलं, ती बसली होती त्या स्टुलाखालून तीनदा फिरवलं आणि मग उंबऱ्यावर नेलं. तोंडाने म्हणायचं तेही म्हटलं, जरा मोठ्यानेच. ‘अवदसे, चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!’ मान वर केली तर म्हातारी दारात. टोपी विसरली होती.

‘कुणाला रे म्हणालास?’ तिने विचारलं.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, ‘छे छे, कुणाला नाही. रेशीम तपासत होतो. खरं रेशीम जळलं की केसांसारखा वास येतो आणि राख होते ना, तेच.’

‘कॅलेंडरचं रेशीम?’

‘हा कागद नुसता विस्तवापुरता,’ म्हणत मी हाताला लागला तो रुमाल ओढला आणि त्याचं टोक ज्वाळेवर धरलं. हाताला लागली होती ती दाराजवळची टोपली. (मोठ्या बसने फिरायला येणाऱ्यांसाठी ठेवलेली. ते रुमाल आपल्या मागावरचे नाहीत. कुठून येतात ते पत्रात लिहीत नाही.) राख कसली होते! रुमाल आक्रसला, ठिबकला, आणि त्याचा काळा गोळा होऊन माझी चप्पल फरशीला चिकटली. दुकानभर प्लास्टिकची बादली जळाल्याचा वास.

जिने पन्नास वर्षं किड्यांना हाताने पाला घातला, तिने नाक वर करून हुंगलं. म्हणाली, ‘माझ्या किड्यांना हे कळलं तर पाल्याला तोंड लावणार नाहीत.’ नेमकी तेव्हाच लुआ मागावरून उठून आली आणि किंचाळली, ‘अगंबाई, द्वानआजी! किएनने सांगितलं नाही तुम्ही येणार म्हणून!’ ताई, मी तिथून पळून गेलो असतो, पण चप्पल चिकटलेली होती.

‘या घरात खरं असं काही आहे का रे?’ म्हातारीने विचारलं. ते मात्र मला लागलं. बाबांच्या घराला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. त्या भरात बोलून गेलो, ‘आमच्या बाबांनी विणलेलं ठाण माडीवर पेटीत आहे!’

‘मग बाराव्या तिथीला काढून ठेव. एक धागा मी माझ्या हाताने जाळीन. राख झाली तर तबकं आत येतील. नाही तर पानसुपारी आमची आम्ही खाऊ.’ टोपी घातली आणि गेली. लुआ तिला बसपर्यंत पोचवायला गेली, ती परत आल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

असो. बाकी सगळं ठीक. केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही.

तुझा भाऊ,
क्वेन

ता. क. माडीवरची पेटी रिकामी आहे. बाबांनी ते ठाण तुझ्या लग्नात तुला दिलं, आणि त्यावरून मी तुला जे जे बोललो ते सगळं परत घेतो. (वीस वर्षं उशीर झाला, मान्य.) ताई, ते ठाण घेऊन बाराव्या तिथीच्या आत ये. पार्सलवर माझा विश्वास नाही. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे.

आणखी एक. गेल्या तेतच्या सणाला ‘खास माझ्या हातचा’ म्हणून मी पाठवलेला रुमाल गळ्यात घालून चुलीपाशी उभी राहू नकोस. का, ते विचारू नकोस.

आत्या, मी लुआ. बाबांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही उरलेली जागा माझी. त्या दिवशी बसथांब्यावर द्वानआजींनी माझ्या गळ्यातल्या रुमालाचा एक धागा ओढला आणि पानवालीच्या लायटरवर जाळला. राख झाली. ‘कुणी विणला?’ मी म्हटलं, मी. तर म्हणाल्या, ‘मग तुझ्या आजोबांचं ठाण कशाला हवं मला? पण बापाला सांगू नकोस. बाराव्यापर्यंत घाबरू दे.’ म्हणून मी बोलत नाही. तोंड उघडलं की हसू येईल. बाबा रोज टोपलीतला एकेक रुमाल जाळून बघतात आणि फेकून देतात, टोपली निम्मी झाली आहे. तू ये मात्र नक्की, आणि ठाणही आण. आजोबांच्या हातचं कापड मी अजून पाहिलेलं नाही. आणि चुलीपाशी खुशाल उभी राहा. तुझा रुमाल पाठवण्याआधी मी बदलला होता.